डेव्हन ॲव्हेन्यूहून ताईला

डेव्हन ॲव्हेन्यू, शिकागो
मे, दुसरा आठवडा

प्रिय ताई,

सुखरूप पोचलो हे फोनवर सांगितलंच. पण तू पुढच्या मे महिन्यात मुलांना घेऊन इकडे यायचं म्हणतेस आणि आतापासून तिकिटांचे भाव बघत बसतेस, म्हणून हे पत्र. फोनवर धाकटा दर दोन मिनिटांनी मोबाइल हिसकावतो आणि कामाचं नेमकं राहून जातं.

मुंबईहून शिकागोला यायचे मार्ग पुष्कळ आहेत. दिल्लीमार्गे एअर इंडिया, दोहामार्गे कतार, दुबईमार्गे एमिरेट्स, शिवाय इस्तंबूल, फ्रँकफर्ट. भाव पाहिले तर चार-पाच हजारांचा फरक इकडे नाहीतर तिकडे. आम्ही अबू धाबी घेतलं ते एका कारणासाठी. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्याआधीच होतं. २०१४ पासून ही सोय आहे, आणि आखातात ती फक्त तिथेच आहे. मुंबईहून तीन-साडेतीन तासांत अबू धाबीला पोचायचं, तिथे अमेरिकन अधिकाऱ्यासमोर पासपोर्ट, बोटांचे ठसे, प्रश्नोत्तरं सगळं उरकायचं आणि मग लांबच्या विमानात बसायचं. शिकागोला उतरलो ते देशातल्या देशात प्रवास केल्यासारखे. पट्ट्यावरच्या बॅगा उचलल्या आणि बाहेर आलो.

ह्याचं मोल तुला सांगते. चौदा-पंधरा तासांच्या प्रवासानंतर मुलं कशी होतात ते तू जाणतेसच. धाकटा माझ्या खांद्यावर गाढ झोपलेला, थोरलीच्या डोळ्यांत पाणी, कारण काय तर बूट चावतो. अशा वेळी नागमोडी रांगेत तास-दीड तास उभं राहायचं म्हणजे आईबापांची कसोटीच. अबू धाबीत मुलं ताजीतवानी होती, अधिकाऱ्याने थोरलीला कितवीत आहेस विचारलं तर तिने शाळेचं नावही सांगून टाकलं. मात्र एक लक्षात ठेव. तिथे दोन विमानांमध्ये कमीत कमी तीन तास तरी हवेत, कारण ह्या तपासणीला वेगळी सिक्युरिटी आणि वेगळी रांग असते. दीड तासाचं जोडविमान दाखवतील, ते घेऊ नकोस.

पुण्याहून निघताना तुझ्यासमोर आता आणखी एक प्रश्न असेल. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. द्रुतगती मार्गाने येणाऱ्या पुणेकराला तो मुंबईच्या जुन्या सहार विमानतळाच्या आधी लागतो, मुंबईतली गर्दी टळते. तू निघशील तेव्हा तिथून तुला हवं ते विमान असेल तर जरूर घे. पण पनवेलला पोचून आधी दिल्लीला जाणारं विमान पकडायचं आणि तिथून पुढे, असं असेल तर सहारच बरं. घरापासून विमानतळ जवळ असला तरी मध्ये एक थांबा वाढला की जवळपणाचा फायदा संपला.

दादाचं घर डेव्हनपासून दोन गल्ल्या आत आहे. उरलेलं पुढच्या पत्रात. वहिनी पोहे घेऊन उभी आहे.

तुझी धाकटी

*

डेव्हन ॲव्हेन्यू
मे, तिसरा आठवडा

प्रिय ताई,

हा रस्ता तुला फार आवडेल. वेस्टर्न ॲव्हेन्यूच्या चौकातून पश्चिमेकडे चालायला लागलं की साड्यांची दुकानं, सोन्याची पेढी, पानाची गादी, हैदराबादी बिर्याणी, मिठाईवाले, मध्येच एखादं ज्यूंचं दुकान. रस्त्याच्या एका टप्प्यावर गांधी मार्गाची पाटी, दुसऱ्यावर मोहम्मद अली जिना वेची, पुढे गोल्डा मायर ह्यांच्या नावाची. अमेरिकाभर पसरलेलं पटेल ब्रदर्स १९७४ मध्ये इथेच सुरू झालं. कोथिंबिरीची जुडी, तोंडली, ओला नारळ, बेडेकरांचा मसाला, सगळं मिळतं. दादा म्हणतो, महाराष्ट्र मंडळाची जुनी माणसं साठ-सत्तरच्या दशकात शिकागोत आली तेव्हा ह्यातलं काहीच नव्हतं.

आणि डोक्यावर विमानं! वारा पश्चिमेचा असला की ओहेअर विमानतळाच्या सगळ्यांत उत्तरेकडच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं जवळजवळ डेव्हनच्या रेषेतच येतात. धाकटा फुटपाथवर उभा राहून शेपटीवरचा रंग बघतो आणि कंपनी ओळखतो. तो भाजीच्या पिशवीला धरून असा थांबला की मागची माणसं वळसा घालून जातात, कुणी कुरकुर करत नाही.

आता मूळ मुद्दा. मुलांना वॉशिंग्टन दाखवायचं ठरलंय, आणि दादाच्या जेवणाच्या टेबलावर तीन संध्याकाळी एकच वाद चालला: कुठल्या विमानतळावरून जायचं, ओहेअर की मिडवे? त्यात वहिनीने तिसरं नाव काढलं, मिलवॉकी.

मिलवॉकी दिसतं तेवढं अवघड नाही. शिकागोहून ॲमट्रॅकची हायावाथा गाडी थेट विमानतळाच्या स्टेशनवर थांबते, आणि डेव्हनच्या माणसाला ती शहरात न जाता ग्लेनव्ह्यूला पकडता येते. विमानतळ लहान, रांगा छोट्या. पण अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि गाड्या दिवसातून मोजक्याच. उत्तरेकडच्या उपनगरांत राहणाऱ्यांना ते सोयीचं. आमच्यासाठी नाही. भाड्यातले जे शंभरेक डॉलर वाचले असते ते मुलांच्या झोपेतून वसूल झाले असते.

ओहेअर इथून साधारण वीस किलोमीटर. मिडवे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पंचवीसच्या वर. नकाशा बघून निकाल लागला असं वाटतं, पण मुलं असली की आणखी दोन अंतरं मोजावी लागतात: गाडीतून उतरल्यापासून विमानाच्या दारापर्यंतचं, आणि परत येताना विमानाच्या दारापासून बॅगेपर्यंतचं.

ओहेअरचं नाव दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या नौदलाच्या वैमानिकावरून, १९४९ मध्ये दिलेलं. त्याआधी त्याला ऑर्चर्ड फील्ड म्हणत, म्हणून तिकिटावर अजूनही ओआरडी येतं, ते बघून गोंधळू नकोस. टर्मिनल्स एक, दोन, तीन आणि पाच, चार नाहीच. पाचवं वेगळं पडतं, तिथे छोट्या आगगाडीने जावं लागतं. चालणं भरपूर. पण पर्याय एवढे की एक विमान रद्द झालं तर त्याच दिवशी दुसरं मिळायची आशा असते.

मिडवे म्हणजे घरांच्या वस्तीत चौरस मैलभर जागेत बसवलेला विमानतळ, १९२७ चा. धावपट्ट्या आखूड, कुंपणापलीकडे रस्ता आणि लगेच बैठी घरं. विमानतळाला नाव १९४२ च्या मिडवेच्या लढाईचं, आणि आत त्या लढाईत वापरलेल्या डॉन्टलेस जातीचं एक विमान टांगलेलं आहे. एकच टर्मिनल, चुकायची भीती नाही. बरीचशी विमानं साउथवेस्टची. पूर्वी ह्या कंपनीकडे प्रत्येकाच्या दोन बॅगा फुकट असत आणि कुटुंबं त्यासाठी मिडवेला धावत. २८ मे २०२५ पासून काढलेल्या तिकिटांवर ती सवलत सरसकट राहिलेली नाही. जुने लोक अजून तोच सल्ला देतात, तो तपासून घे.

लोकलने जायचं तर ओहेअरला ब्लू लाइन, मिडवेला ऑरेंज लाइन. सात वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. पण मिडवेच्या स्टेशनपासून टर्मिनलपर्यंत पार्किंगच्या इमारतीतून बराच लांब पूल चालायचा आहे. बाबागाडी, दोन बॅगा आणि चालायला कंटाळलेलं पोर घेऊन तो संपता संपत नाही. गाडीने जायचं तर कार सीटचं बघ. इलिनॉयमध्ये आठ वर्षांखालच्या मुलाला योग्य सीटमध्ये बसवावंच लागतं. इथल्या मोठ्या विमान कंपन्या कार सीट आणि बाबागाडीचे पैसे घेत नाहीत, दोन्ही बिनधास्त बरोबर ने.

शेवटी दादानेच तोडगा काढला. इथे देशांतर्गत विमानांना जायचं-यायचं तिकीट एकत्र काढलंच पाहिजे असं नाही. एकेरी तिकीट साधारण निम्म्यालाच पडतं. गाडी विमानतळावर ठेवायची नसेल तर जायचं एका ठिकाणाहून आणि परतायचं दुसऱ्या ठिकाणी, ह्यात काहीच अडत नाही. म्हणून सकाळी उशिराचं विमान ओहेअरहून, कारण सकाळी मुलं उत्साहात असतात, चालतात, बघतात. आणि रात्री परतताना मिडवे, कारण तेव्हा त्यांना फक्त गादी हवी असते.

तुझी धाकटी

*

डेव्हन ॲव्हेन्यू
मे संपत आला

प्रिय ताई,

परत आलो. दोन्ही विमानतळ झाले.

ओहेअरला आम्ही मुद्दाम अर्धा तास जास्त ठेवला होता. पहिल्या टर्मिनलमध्ये फील्ड म्युझियमच्या ब्रॅकिओसॉरसचा सांगाडा उभा आहे. धाकट्याने त्याच्या पायाशी उभं राहून मान एवढी मागे टाकली की टोपी पडली. तिथून बी आणि सी ह्या दोन भागांना जोडणारा भुयारी रस्ता आहे. सरकत्या पट्ट्यावर उभं राहायचं, डोक्यावर निऑनचे दिवे रंग बदलत धावतात, संगीत चालू. १९८७ पासूनचं काम आहे ते. थोरलीने तो रस्ता चारदा पार केला, आणि मी करू दिला. मोठ्या विमानतळाचं चालणं मुलांना जाचतं ते घाईमुळे. वेळ हाताशी असला की तेच चालणं त्यांच्या सुट्टीचा भाग होतं.

वॉशिंग्टनला उतरायचे पर्याय तीन: रेगन, डलेस आणि बाल्टिमोर. डलेस गावापासून चाळीस किलोमीटरच्या वर, बाल्टिमोर त्याहून थोडं पुढे. रेगन पोटोमॅक नदीच्या काठावर, गावाला लागून. डलेसचं तिकीट स्वस्त होतं, आणि नोव्हेंबर २०२२ पासून मेट्रोची सिल्व्हर लाइन तिथपर्यंत जाते, तरी आम्ही रेगन घेतलं. विमान नदीवरून खाली येतं तेव्हा थोरलीला उजेडात वॉशिंग्टन मॉन्युमेंटचा सुळका दिसला. टर्मिनलमधून एक पूल ओलांडला की मेट्रोचं स्टेशन, तिथून थोड्याच वेळात हॉटेल. दुपारचं जेवण वेळेवर झालं. मुलांच्या प्रवासात ह्याहून मोठं यश नाही. डलेसजवळ स्मिथसोनियनचं दुसरं विमान संग्रहालय आहे, डिस्कव्हरी हे अंतराळयान तिथे ठेवलंय. तुमच्या मोठ्याला अंतराळाचं वेड आहे, तेव्हा तुम्ही परतताना डलेसहून निघा आणि आधी ते बघा.

येताना सिक्युरिटीवर माझा दह्याचा डबा अडला. दही, श्रीखंड, चटणी हे सगळं द्रवात धरतात, १०० मिलिलिटरच्या वर चालत नाही. तान्ह्या बाळाचं दूध आणि पातळ खाणं मात्र हवं तेवढं नेता येतं, फक्त आधी सांगायचं. साखर-तुपाच्या पोळीच्या गुंडाळ्यांना कुणी हात लावला नाही. डेव्हनवरून घेतलेली चिक्की आणि थेपले परतीपर्यंत पुरले.

मिडवेला रात्री उतरलो. दारातून बाहेर पडल्यापासून बॅगा हातात येईपर्यंत धाकटा जागाच झाला नाही. दादा गाडी घेऊन उभा होता. सिसेरो ॲव्हेन्यूने सरळ उत्तरेला आलो, त्या वेळी रस्ता मोकळा होता. हेच संध्याकाळी सहाला असतं तर दीड तास कुठे गेला नसता, म्हणून मिडवे घ्यायचं तर वेळ बघूनच घे.

गोव्याला मागच्या दिवाळीत तुम्ही मोपाला उतरलात आणि पाळोळ्याला पोचेस्तोवर मुलं गाडीत ओकली, आठवतंय ना? दाबोळीचं तिकीट थोडं महाग होतं म्हणून. इथेही तोच हिशोब लागतो. थांबा नसलेलं विमान आधी, मग विमानाची वेळ, मग उतरल्यावरचा रस्ता, आणि भाडं सगळ्यांत शेवटी. परवडत नसेल तर सहल दोन दिवसांनी कमी कर, पण मुलांना मध्यरात्री जोडविमानासाठी उठवू नकोस.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी इथे मेमोरियल डे असतो. त्याच्या आधीच्या शुक्रवारी आणि नंतरच्या मंगळवारी कुठलाच विमानतळ घेऊ नकोस. तिकीट काढण्याआधी तारखा मला कळव, दादा आणि मी दोघं मिळून बघतो.

तुझी धाकटी