जबलपूरचा मेळ, आपल्या दिवाणखान्यात

एकेक वस्तू हौसेने घेतलेली असते. पडदे भारी, सोफा नवा, शोकेस गच्च भरलेले. तरी दिवाणखाना दुकानासारखा दिसतो. पैसे खर्च होतात आणि समाधान मात्र होत नाही. चुकते ते वस्तूंचे नव्हे, त्यांच्या मेळाचे. हा मेळ जबलपूरला गेल्यावर डोळ्यांनी पाहता येतो.

शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर भेडाघाट आहे. धुवाँधार धबधबा आणि नर्मदेचे संगमरवरी कडे पाहायला सगळेच जातात, पण टेकडीवरच्या चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्या पाहून काहीजण खालूनच परततात. तसे करू नये! दहाव्या शतकातले, कलचुरी राजांच्या काळचे हे मंदिर म्हणजे एक मोठे गोल अंगण आणि त्याभोवती ओवऱ्या. नाव चौसष्टचे, कोनाडे मात्र ८१. योगिनी एकीसारखी दुसरी नाही. कुणाचे वाहन निराळे, कुणाचा चेहराच प्राण्याचा. कित्येक मूर्ती भंगलेल्या आहेत. एवढी विविधता असूनही अंगण विस्कळीत वाटत नाही, कारण खांबांची रांग एकसारखी, कोनाडे एका मापाचे, बहुतेक मूर्ती बसलेल्या आणि नाव कोरलेले तेही प्रत्येकीच्या बैठकीवरच.

घरातल्या फोटोंचेही असेच असते. आजोबांचा कृष्णधवल फोटो, लग्नाचा रंगीत, नातवाचे प्रशस्तिपत्रक असे सगळे एका भिंतीवर खुशाल लावावे. फक्त चौकटी एका रंगाच्या घ्याव्या आणि खालची कड एका रेषेत ठेवावी. नवे काही विकत न घेता भिंत सावरते.

खाली नर्मदेत होडीतून जाताना रंगांचा मेळ दिसतो. दोन्हीकडचे कडे पांढरे म्हणतात खरे, पण त्यांत काळपट-हिरव्या शिरा आहेत, आणि उन्हातला पांढरा चांदण्यात तसा राहत नाही. घराला रंग निवडतानाही हे लक्षात असू द्यावे. दुकानातल्या कार्डावर भरवसा न ठेवता हातभर भिंत रंगवावी, ती सकाळी पाहावी आणि रात्री दिव्याखालीही. कड्यांतल्या त्या शिरांसारखा एखादा गडद रंग उशांच्या अभ्र्यांत आणि पडद्याच्या काठात आला की पुरे.

घाटाजवळच्या दुकानांत दगडी मूर्ती आणि शोभेच्या वस्तू मांडलेल्या असतात. तिथे हात आवरणे कठीण! पाच लहान वस्तूंऐवजी एकच मोठी घेतली, तर घरी तिला स्वतःची जागा मिळते.

शहरात परतल्यावर गोलबाजारातले शहीद स्मारक पाहावे. तिथली स्वातंत्र्यलढ्याची भित्तिचित्रे ब्योहार राममनोहर सिंहा (१९२९–२००७) या जबलपूरच्याच चित्रकाराची आहेत. शांतिनिकेतनात ते नंदलाल बोस यांचे विद्यार्थी होते. राज्यघटनेच्या मूळ प्रतीतील उद्देशिकेचे पान त्यांनीच सजवले. त्या पानावर नक्षी भरपूर आहे, पण ती कडेने फिरते आणि मधली जागा मजकुराला मोकळी सोडते. दिवाणखान्यात देव्हारा असो की पुस्तकांचे कपाट, ज्याला मान द्यायचा त्याच्याभोवती अशीच मोकळी जागा ठेवावी. सिंहांनी आपली सही तर खालच्या उजव्या कोपऱ्यात, देवनागरीत, एवढीशीच केली आहे : ‘राम’.