हात पाठीमागे

"सर, जागा संपली."

मुळशीतल्या माण गावातल्या माझ्या संगणकवर्गात हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. माऊस सरकत सरकत टेबलाच्या कडेला येई आणि माणूस तिथंच थांबे. पडद्यावरचा बाण अजून अर्ध्या वाटेवर. उचला आणि अलीकडे ठेवा, म्हटलं तर पटायचं नाही. उचलला की बाण हरवेल ही भीती. शेवटी भातशेती करणाऱ्या एका मावशींनीच हा प्रश्न सोडवला. "म्हणजे विहिरीचा दोर. ओढायचा, सोडायचा, पुन्हा पुढनं धरायचा." त्यानंतर मी सगळ्यांना दोरच सांगत आलो.

विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं १५ ऑगस्ट १९९५ ला, पण ते मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत. आमच्यापर्यंत यायला त्याला काही वर्षं लागली. २००१ नंतर एमएस-सीआयटी आला, सरकारी नोकरीला त्याचं प्रमाणपत्र लागायला लागलं आणि वर्गात बारावीच्या पोरांशेजारी पन्नाशीचे गुरुजी येऊन बसले. हिंजवडीच्या आयटी पार्कच्या काचा तेव्हा आमच्या खाचरांकडे सरकत होत्या. पुढं तिसरा टप्पा तर माणच्याच शिवारात आला. पार्कात नोकरी हवी म्हणून पोरं यायची. मोठी माणसं का यायची, ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. "काय असतंय ते बघू," एवढंच.

सुरुवात मी पत्त्यांनी करायचो. विंडोजमधला सॉलिटेअर हा फावल्या वेळचा खेळ नाही, बोटांची तालीम आहे. पान दाबून धरायचं, ओढत न्यायचं, नेमक्या जागी सोडायचं. हे हाताला बसलं की पुढचं सोपं. पण एका पोराचे वडील दारात उभे राहून ओरडले होते, "पैसे भरून इथं पत्ते कुटतंय व्हय?" त्यांनाच खुर्चीत बसवलं. तासभर उठले नाहीत.

इंटरनेटची पाळी आली की आधी मोडेमची किंकाळी. टेलिफोनची तार एकच, आणि दुसरा फोन घरात. आईनं तिकडं रिसीव्हर उचलला की इकडं जोडणी तुटायची. छप्पन केचा मोडेम म्हणजे सेकंदाला फार तर सात किलोबाइट, तेही कागदावर. एखादा फोटो वरून खाली असा उतरायचा, की आधी आभाळ दिसे, मग डोंगर, आणि माणसाचा चेहरा येईपर्यंत वीज जाई. मुळशीत पाऊस लागला की तिचा काय भरवसा?

ईमेल शिकवताना वेगळीच अडचण. पत्ता काढून झाला, 'शेपटीवाला ए' कुठं दाबायचा ते कळलं, नाव-आडनावात जागा सोडायची नाही हेही कुरकुरत मान्य झालं. पण पत्र पाठवायचं कोणाला? गावात पत्ता असलेली माणसं म्हणजे याच खोलीत बसलेली. मग शेजारच्या खुर्चीलाच पाठवायचं. 'जेवलास का' हे पार अमेरिकेतल्या यंत्रापर्यंत जाऊन हातभर अंतरावर परत यायचं, आणि ज्यानं लिहिलं तोच दुसऱ्याच्या पडद्यात डोकावून बघायचा. हॉटमेल १९९६ च्या जुलैमध्ये सुरू करणाऱ्या दोघांतला सबीर भाटिया लहानपणी काही वर्षं पुण्यातल्या शाळेत होता, हे सांगितलं की वर्गाला ते थोडं जवळचं वाटे.

मराठीचं मात्र हसं व्हायचं. तेव्हाच्या फॉन्टमध्ये आपली अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर भाडेकरूसारखी बसलेली. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की भाडेकरू गायब, आणि पडद्यावर नुसता कचरा. युनिकोडनं प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, 'क'चा २३२५. मी तो फळ्यावर लिहून ठेवला होता. परीक्षेत कधी विचारणार नाहीत, तरी.

पण खरं शिकवणं मला जमलं ते एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरकाकांमुळं. पहिली दोन-तीन वर्षं मी घाईचा मास्तर होतो. कोणी अडलं की, "थांबा, द्या इकडं," म्हणत माऊस हिसकावून चार क्लिकमध्ये काम उरकायचो आणि वर विचारायचो, "कळलं?" सगळे हो म्हणायचे. काकांनी एकदा माऊस सोडलाच नाही. म्हणाले, "मास्तर, स्टेअरिंग तुमच्याच हातात असंल, तर मी गाडी शिकतोय का नुसता पॅसेंजर?"

त्या दिवसापासून वर्गात शिरताना हात पाठीमागे बांधायचे. सोपं नसतं ते. समोरचा माणूस 'म'साठी एम शोधतोय, एम त्याच्या करंगळीखाली आहे, तो वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडं दोनदा जातो, आणि आपण दात खाऊन उभे. एकदा एका गुरुजींना ते सापडायला दीड मिनिट लागलं. मी घड्याळ बघत होतो. पण दुसऱ्यांदा त्यांनी शोधलं नाही. बोट सरळ तिथं गेलं.

दोराच्या त्या मावशी २०१८ नंतर कधीतरी पुन्हा आल्या, डिजिटल सहीचा सातबारा काढायला. सोबत वर्गातली जुनी वही. आत त्यांच्या अक्षरात पायऱ्या: 'बाण निळ्या अक्षरावर नेला की हात होतो. हात झाला की दाबायचं. मग थांबायचं. सर बोलणार नाहीत.'

त्या खुर्चीत बसल्या, चष्मा लावला आणि गट नंबर टाकायला लागल्या. पंधरा रुपये भरायच्या पानावर चाक फिरत राहिलं, पुढं सरकेना. माझा हात पुढं गेलाच. त्यांनी मान न वळवता माऊस आपल्याकडं ओढून घेतला.