विचारून जेवणारे

लेकीला कोरियन मालिकांचा नाद. तिच्या हट्टापायी पुण्यात व्हीगन कोरियन हॉटेलात गेलो. बिबिंबाप म्हणजे भातावर रंगीत भाज्या आणि गोचुजांगची तिखट चटणी. किमचीत एरवी खारवलेली कोळंबी किंवा माशांचा रस असतो; इथे नव्हता.

‘मांसच नाही, मग हलालचा प्रश्न मिटला,’ बेगम म्हणाली. तरी मी वेटरला विचारलंच. बाजारातल्या काही गोचुजांगमध्ये टिकण्यासाठी अल्कोहोल घालतात. त्याने कुरकुर न करता डबा आणून दाखवला, त्यात नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या आजींनी कांदा-लसणाची चौकशी केली. कोरियातले बौद्ध भिक्खूही मठात कांदा-लसूण वर्ज्य मानतात. कांद्यावर जगणाऱ्या आमच्या नांदगावला हे पटणं कठीण! पण विचारून जेवणारा मी एकटाच नव्हतो, याचं बरं वाटलं.