परत आलेल्या पोराला जागा

अखिलेश पॉलची गोष्ट मी वर्गात, परिपाठाला, पालकसभेत कितीतरी वेळा सांगितली आणि दर वेळी चुकीची सांगितली. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. पोरांना फुटबॉल शिकवताना माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ या सांगण्यात होतं. म्हणून आधी ती गोष्ट.

अखिलेश नागपूरच्या झोपडपट्टीतला. अगदी लहान वयात गुन्हेगारीत शिरला, नशेला लागला, पोलीस मागावर राहू लागले. त्याच नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये भर पावसात एका तुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरं पाहिली आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. पुढच्याच वर्षी नागपुरात भरलेल्या स्पर्धेला 128 संघ आले. अखिलेश या खेळात आला, टिकला, आणि 2010 मध्ये रिओ द जानेरोला झालेल्या बेघरांच्या फुटबॉल स्पर्धेत, होमलेस वर्ल्ड कपमध्ये, भारताच्या संघाचा कर्णधार झाला. ऑक्टोबर 2014 मध्ये टीव्हीवरच्या 'सत्यमेव जयते'च्या एका भागात तो स्वतः हे सगळं सांगत होता. मी ते घरी बसून पाहिलं आणि रात्रभर झोप लागली नाही. पुढे 2022 मध्ये नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट आला तेव्हा आमच्या भागातल्या पोरांनाही बारसे सरांचं काम कळलं. माझं सांगणं मात्र 2014 पासूनच सुरू झालं होतं.

मी गोष्ट रिओला संपवायचो. झोपडपट्टीतून निघाला, जिद्द धरली, घाम गाळला, देशाचा कर्णधार झाला. पोरं टाळ्या वाजवायची. यशाचं धोरण म्हणून मी त्यातून एकच गोष्ट उचलली होती: हिरा शोधायचा आणि सगळी ताकद त्याच्यामागे लावायची.

आमच्याकडे मैदानी खेळ म्हणजे कबड्डी आणि व्हॉलीबॉल. हिवाळ्यात धान निघाला की गावोगावी रात्रीचे सामने रंगतात. फुटबॉल नवा होता, तरी पोरांना आवडला. पळायला ती कुणाला हार जाणार नाहीत. शाळेत वसतिगृहातली पोरं होती आणि जवळच्या पाड्यांवरून रोज चालत येणारीही होती. मी अकरा जणांचा संघ बांधायला घेतला आणि पहिल्याच महिन्यात फर्मान काढलं की बूट असल्याशिवाय मैदानात यायचं नाही. मला वाटलं, शिस्त लागेल. ज्यांच्याकडे पैसे नव्हते ती पोरं काही न बोलता मैदानाच्या कडेला बसू लागली, मग तिथंही येईनाशी झाली. ज्या बारसे सरांचं नाव मी रोज घ्यायचो, त्यांच्या स्पर्धेत अनवाणी पोरं खेळली होती. हे मला माहीत होतं आणि तरी मी बूट सक्तीचे केले.

मग सरावाची वेळ. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे पाचला बोलवायचो, ऊन चढायच्या आत. पाड्यावरची पोरं यायची नाहीत. मी हजेरीत खाडे मांडले आणि सगळ्यांसमोर त्यांना आळशी म्हटलं. त्या दिवसांत पहाटे झाडाखाली मोहफूल पडलेलं असतं. ते उजाडायच्या आत वेचलं नाही तर गुरं खातात, रानडुकरं खातात. आईबापाबरोबर पोरंही टोपली घेऊन गेलेली असतात. मोह सरला की तेंदूपत्ता. त्या दोन हंगामांचा पैसा हाच घरातला वर्षाचा बराचसा रोख पैसा. या भागात इतकी वर्षं राहून मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सरावाचं वेळापत्रक करताना मी ते विचारातच घेतलं नाही, कारण वेळापत्रक मी शहरातल्या प्रशिक्षण शिबिरातून आणलं होतं. पावसाळ्यात तसंच झालं. शालेय स्पर्धा नेमक्या रोवणीच्या दिवसांत येतात, आणि पाड्यावरची निम्मी पोरं चिखलात वाकून पऱ्हे लावत असतात. त्या वर्षी जिल्ह्याच्या गावी नेलेल्या संघात माझे चार चांगले खेळाडू नव्हते. परत आल्यावर मी त्यांच्यावर चिडलो.

मुलींना तर मी विचारलंच नाही. मैदानाशेजारून त्या पाण्याला जायच्या, थांबून बघायच्या. त्यांना खेळायचं असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

आता एका पोराची गोष्ट. त्याचं नाव मी लिहिणार नाही. तो आमचा मधल्या फळीतला खेळाडू होता. चेंडू त्याच्या पायाशी आला की बाकीची पोरं आपोआप जागा सोडून धावायची, कारण तो पाठवेल याची त्यांना खात्री असायची. नववीत होता. घरी बोली गोंडी, मराठी शाळेपुरती, हिंदी जेमतेम. मला वाटलं, हाच माझा अखिलेश. त्याच्यासाठी मी वेगळा सराव घेऊ लागलो, वेगळा खाऊ आणू लागलो, चांगला चेंडू त्याच्यासाठी कपाटात ठेवू लागलो. बाकीचे हळूहळू त्याला सराव देणारे गडी होऊन बसले. पुढे मी खटपट करून त्याला नागपूरकडच्या एका निवासी प्रशिक्षण केंद्रात पाठवलं. गावात नारळ फोडला, भाषण केलं, पेपरात छोटी बातमी आली. बसमध्ये बसवताना मी त्याला म्हणालो, "आता मागं वळून बघायचं नाही."

हे वाक्य मला आजही सलतं.

दिवाळीच्या आधीच तो परत आला. एकटाच, बस बदलत बदलत. मी त्याला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि नको ते बोललो. संधी वाया घालवलीस, गावाचं नाव घालवलंस, अखिलेशनं काय काय सोसलं आणि तुला चार महिने निघाले नाहीत. तो खाली बघत उभा राहिला. त्यानंतर तो मैदानावर आला नाही. काही दिवसांनी शाळेतही आला नाही. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा वडील अंगणात बसले होते. ते म्हणाले, "गुरुजी, पोरगा कामाले भ्याला नाही. त्याले तिथं बोलाले कोनी नव्हता." एवढंच. त्या जानेवारीत तो गावातल्या टोळीबरोबर मिरची तोडायला तेलंगणात गेला. तेव्हापासून दर वर्षी जातो.

मी त्याची माफी मागितली. त्यानं "काही नाही सर" म्हणून विषय संपवला. माझं समाधान व्हावं म्हणून तो खेळायला परत आला असता तर बरं वाटलं असतं, पण तो आला नाही, आणि त्यानं यायला हवं होतं असं म्हणण्याचा मला हक्क नाही.

त्याच सुमारास, मे 2018 मध्ये, चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. 'मिशन शौर्य'ची ती बातमी मी पुन्हा परिपाठाला जिद्दीची गोष्ट म्हणून सांगायला घेतली आणि बोलता बोलता अडखळलो. ती मुलं एकटी गेली नव्हती. एकाच जिल्ह्यातली दहा मुलं बरोबर होती. त्याआधी कितीतरी महिने त्यांची तयारी टप्प्याटप्प्यानं झाली होती. आदिवासी विकास विभाग, जिल्हा प्रशासन, गिर्यारोहक प्रशिक्षक असे सगळे मागे उभे होते. मी माझ्या पोरामागे काय उभं केलं होतं? एक भाषण आणि एक नारळ.

मग मी अखिलेशची गोष्ट पुन्हा नीट पाहिली आणि रिओनंतर तिचं काय झालं ते वाचलं. होमलेस वर्ल्ड कपचा एक नियम आहे: कुठल्याही खेळाडूला त्या स्पर्धेत आयुष्यात एकदाच खेळता येतं. कितीही गोल करा, पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरा. ही स्पर्धा 2003 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझला सुरू झाली, आणि माणसानं खेळून आपल्या आयुष्यात परत जावं, असंच मला त्या नियमात दिसतं. म्हणजे अखिलेश कर्णधार झाला तेव्हाच हे ठरलेलं होतं की तो परत येणार. तो नागपूरला परतला आणि बारसे सरांच्या संस्थेत, स्लम सॉकरमध्ये, प्रशिक्षक झाला. आपल्यासारख्याच वस्त्यांतल्या पोरांना शिकवू लागला. त्याच्या वर येण्यातलं खरं धोरण माझ्या मते इथं आहे. बारसे सरांनी वर जायची शिडी लावली, आणि उतरून आलेल्याला पाय ठेवायला जमीनही तयार ठेवली. माझ्या पोराला मी शिडीवर चढवलं. तो उतरला तेव्हा खाली कोणी नव्हतं, मी होतो तो रागावायला.

अखिलेशची जिद्द कमी होती असं मला म्हणायचं नाही. ती होतीच. पण जिद्द माझ्या पोराकडेही होती. भाषा येत नसताना, ओळखीचा एक चेहरा नसताना तो दिवाळीपर्यंत तिथं राहिला. ही जिद्द मला तेव्हा दिसली नाही, आता दिसते.

खेळाच्या आकारातही मी चुकलो होतो. होमलेस वर्ल्ड कपचा सामना चारास चार, त्यात एक गोलरक्षक. मैदान जेमतेम 22 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद, सात-सात मिनिटांचे दोन डाव. आमच्या पाड्यांवर वीस-तीस घरं असतात. तिथं एका वयाची बावीस पोरं कुठून आणणार? चार मात्र सहज निघतात. धान कापून झाल्यावर रिकामी बांधी पुरते, किंवा पोरं जमतात त्या गोटूलसमोरचं अंगण. बूट लागत नाहीत. मी अकराच्या संघाचा हट्ट धरला म्हणून बहुतेक पाडे खेळाबाहेरच राहिले होते.

आता आमच्याकडे पाड्यावरच खेळ होतो, चार-चार जणांचा. मोह आणि तेंदूच्या दिवसांत सराव संध्याकाळी, तोही कमी. रोवणीत बंद. मुलींचे संघ वेगळे आहेत आणि काही पाड्यांवर मुलांपेक्षा चांगले आहेत. शिकवायचं गोंडीत, आणि ते मी करत नाही. शाळा सोडलेली, दहावीला अडकलेली, बाहेर कामाला जाऊन परतलेली पोरं करतात. शिट्टी त्यांच्याकडे असते. त्यांना थोडं मानधन मिळावं म्हणून दर वर्षी गावात हात पसरावा लागतो, आणि काही वर्षी ते जमत नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेत आमची शाळा अजून फार पुढे गेलेली नाही. एखादं पोरगं मात्र बाहेर निवड चाचणीला जातं तेव्हा दोघांना मिळून पाठवतो, आणि निघण्याआधीच त्यांच्या आईबापासमोर सांगतो की परत आल्यावर कोणत्या पाड्याचा संघ त्यांच्याकडे असेल.

गडचिरोली-चंद्रपूरच्या रानातल्या शाळांमध्ये खेळ शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. अखिलेशची गोष्ट जरूर सांगा, पण रिओला थांबू नका, नागपूरला परत आणा. आणि एखादं पोरगं तुमच्याकडून बाहेर गेलं असेल तर त्याचं नाव संघाच्या यादीतून खोडू नका. ते सणाला घरी आलं की त्याच्या घरी जा, आधी जेवण झालं का ते विचारा, आणि संध्याकाळच्या खेळाला ये म्हणून सांगा.