पाच ब्रास धाबे

छपरावर किती माती आहे, याचा विचार छपराखाली राहणारा माणूस सहसा करीत नाही. केला तर त्याला झोप लागायची नाही. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्याला मागच्या बाजूला पांढऱ्या मातीचे धाबे होते. खाली सागवानी तुळया, त्यांवर कडीपाट आणि त्यावर चांगली फूटभर माती. उन्हाळ्यात खोली माठासारखी गार, आणि पावसाळ्यात माठासारखीच पाझरणारी.

गेल्या पावसाळ्यात एक तुळई वाकली. धाबे उतरवून पत्रे टाकायचे ठरले. गवंड्याने टेप धरली. वीस फूट बाय पंचवीस फूट, जाडी एक फूट. बी.कॉम. झालेल्या माणसालाही जमेल असा गुणाकार होता. पाचशे घनफूट, म्हणजे शंभराची एक याप्रमाणे पाच ब्रास.

"म्हणजे ट्रॅक्टरच्या पाच ट्रॉल्या," मी म्हणालो.

"सात धरा साहेब. दबलेली माती उकरली की फुगते."

एकवीस वर्षे बँकेत काढली, पण एका दिवसात एवढे व्याज देणारे खाते माझ्या पाहण्यात नव्हते. त्या रात्री मी वजनाचाही हिशेब केला. घनफुटाला पंचेचाळीस किलो धरले तरी बावीस टन! एवढा ऐवज डोक्यावर घेऊन आमच्या तीन पिढ्या सुखाने घोरत होत्या. केंद्र सरकारने राडारोड्याविषयी २०१६ साली केलेल्या नियमांत, एका दिवसात वीस टन किंवा त्याहून जास्त माल काढणाऱ्याला बडा असामी मानले होते. त्याने माती, विटा, लाकूड-लोखंड, काँक्रीट वेगवेगळे करून ठेवायचे. आमचे बावीस टन एका दिवसात खाली आले असते, तर मी बिल्डर लोकांच्या पंगतीला बसलो असतो. मजूर दोनच मिळाल्याने तो मान हुकला.

आता ही माती न्यायची कशी? रोज सकाळी येणाऱ्या घंटागाडीकडे मी आशेने पाहिले.

"ओला का सुका?" गाडीवरच्या पोराने विचारले.

"वडिलोपार्जित," मी म्हणालो. गाडी गाणे वाजवीत पुढे गेली.

माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो. त्याने फोनवर ऐकवले, "अरे, एक डम्पस्टर भाड्याने घे ना!" त्याच्याकडे छप्पर बदलायचे झाले की दारात एक लोखंडी पेटी येते. आठवडाभर तीत वाटेल ते टाका, मग ट्रक येतो आणि पेटी उचलून नेतो. टेनेसी राज्यात नॉक्सव्हिल नावाचे गाव आहे. तिथल्या डेम्पस्टर बंधूंनी १९३० च्या दशकात ही ट्रकवर चढणारी पेटी काढली, तिचे पेटंट घेतले आणि आपले आडनाव तिला देऊन टाकले. त्यांतला जॉर्ज डेम्पस्टर पुढे त्या गावचा महापौरही झाला. आपल्याकडे लोक आधी महापौर होतात, कचऱ्याचे मग बघतात.

पण आमच्या गल्लीत पेटी ठेवायची कुठे? समोरून उघडी छत्री आली तर आम्हाला ओट्यावर चढावे लागते. अखेर आठ गाढवे आली. ट्रॅक्टर कोपऱ्यावर उभा आणि वाड्यापासून कोपऱ्यापर्यंत गाढवे, असा बेत ठरला. भाडे दिवसावर नाही, खेपेवर. मी रजा टाकून ओट्यावर खडू घेऊन बसलो आणि पाचपाचाच्या जुड्या मांडू लागलो. गाढवाला वाट एकदा दाखवली की पुन्हा दाखवावी लागत नाही. शाखेत हे सुख मला अजून मिळायचे आहे.

तोवर आळीत बातमी पसरली होती. एक काकू तुळशीसाठी घमेलेभर माती घेऊन गेल्या. समोरच्या अण्णांना "एखादी फळी" हवी होती, ती नेमकी सागाची निघाली. रात्री ढिगाला पहारा नव्हता. सकाळी पाहतो तर दोन वासे कमी आणि एक फुटका कमोड जास्त! अमेरिकेतही म्हणे रात्री शेजारी आपली जुनी गादी आणून तुमच्या पेटीत टाकतात. आमच्यासारखा उलट व्यवहारही तिकडे होतो.

पहिली ट्रॉली भरली तेव्हा आई ओट्यावर येऊन उभी राहिली.

"टाकतोस कुठं रे बाबा ही माती?" तिने ट्रॅक्टरवाल्याला विचारले.

"नदीकडंच, आजी. रात्रीचं कोण बघतंय? म्हणून तर स्वस्तात."

आईचे माहेरही याच गावातले. १९६९ चा पूर तिने लहानपणी पाहिला. २००८, २०१६ आणि २०१९ चे आम्ही सगळ्यांनी पाहिले. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की आमच्याकडे गाद्या माडीवर जातात, छातीला लागले की धान्याचे डबे. नदीकाठी भराव पडला की नदी अंग चोरून वाहत नाही, ती सराफ बाजारात शिरते, हे समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही.

"मग असं कर," आई शांतपणे म्हणाली, "पावसाळ्यात तूच ट्रॉली घेऊन ये आणि इथं रिकामी कर. पाण्याला कशाला उगीच हेलपाटा?"

ट्रॅक्टरवाला माझ्याकडे बघू लागला, मी खडूकडे. माझ्या डोक्यात सात ट्रॉल्यांचा फरक चालला होता. लांब न्यायचे तर ट्रॉलीमागे डिझेल जास्त, आणि पत्र्यांचे पैसे अजून द्यायचे होते. पण आई ओट्यावरून हलेना. गाढवेही हलेनात.

सुटका केली ती गाढववाल्याने. त्याच्या ओळखीचा मखमलाबादकडचा एक शेतकरी होता. जुन्या पांढरीची माती शेताला चांगली, म्हणून तो स्वतः येऊन, चिमटीत घेऊन, बोटांनी चुरून, वास घेऊन गेला. आमच्या बँकेत सोनेसुद्धा इतके पारखत नाहीत. "डिझेल निम्मं निम्मं," तो म्हणाला. सहा ट्रॉल्या माती त्याच्या रानात गेली. विटांचा चुरा एकाला प्लॉटमध्ये जोत्याच्या भरावाला हवा होता, तो सातव्या ट्रॉलीत. ओट्यावरच्या जुड्या आणि गाढववाल्याचा आकडा यांत तीन खेपांचा फरक निघाला. आईने त्याच्याच बाजूने निकाल दिला.

राहिला तो कमोड. शेतकऱ्याने नाकारला, प्लॉटवाल्याने नाकारला, भंगारवाल्याने तर हात जोडले. मी आळीत दारोदार विचारून आलो. सगळ्यांनी एकमुखाने सांगितले, "तुमच्याच वाड्यातून निघालाय तो." आमच्या वाड्यात आजतागायत भारतीय बैठक आहे.