टायरवरील चार अंक

अर्थनिर्णयनावर तासन्‌तास बोलणाऱ्या आम्हा उभयतांना टायरवरचे चार अंक वाचता येत नव्हते. '१४१६' म्हणजे २०१६ सालचा चौदावा आठवडा, हे २०२३च्या जुलैत एका पंक्चरवाल्याने सांगितले. तेही आंबा घाटात, नुकतीच चढवलेली स्टेपनी भर पावसात फुटल्यावर. सात वर्षे ती डिकीतच होती. नक्षी कोरी करकरीत, १.६ मिलिमीटरची कायदेशीर मर्यादा कितीतरी दूर. पण रबर न धावताही कडक होते, भेगाळते. चाकांची अदलाबदल करताना स्टेपनीलाही फेऱ्यात घ्यावे, हे आम्ही 'पुढच्या खेपेस' म्हणून (उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टाळावेत तसे) टाळत आलो होतो. मागच्या आसनावर लेक झोपली होती. गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्या अंतराविषयी आम्ही अजून एकमेकांशी बोललेलो नाही.