गुडघ्याला बाशिंग

गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला माणूस मी मनाशी रंगवून पाहते. बाशिंगाची जागा खरं तर कपाळ, पण तिथवर हात न्यायलाही याला दम नाही. मग हा उभा राहणार कसा? गुडघा सरळ केला की दोरी सैल होऊन बाशिंग पोटरीवर घसरणार. म्हणजे सगळ्यात उतावळा नवरा जागचा हलूच शकत नाही! म्हण रचणाऱ्याने एवढा विचार केला नसेल, जाऊ दे.

पण अस्थिरोगतज्ज्ञाच्या दारातल्या बाकावर ही म्हण डोक्यातून जात नाही. कबड्डीत गुडघ्यातला एसीएल नावाचा बंध तुटलेला पोरगा तिथे असतोच. मांडीमागची कंडरा काढून त्याच्या गुडघ्यात नवा बंध ओवलेला असतो. काही आठवड्यांत सूज उतरते, दुखणं थांबतं, पाय मोकळा वाटतो. नेमका त्याच सुमारास तो बंध कच्चा असतो, कारण नव्या जागी रुजताना तो आधी कमजोर होतो आणि मग सावकाश बळ धरतो. म्हणून मैदानावर उतरायला नऊएक महिने थांब म्हणतात. पोराचा गुडघा मात्र त्याला रोज सांगतो, झालं की!

शेजारच्या आजींचं उलटं. सांध्यातली गादी झिजून हाडाला हाड लागलंय, तरी त्या म्हणतात, "अजून चालतंय की." एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही, त्यामुळे डॉक्टरला फोटो बाजूला ठेवून विचारावं लागतं, जिना चढता का, रात्री झोप लागते का. पोराला थोपवायचं आणि आजींना पुढे ढकलायचं, दोन्ही त्याच खुर्चीतून.

आणि खुर्चीतल्या माणसाचं काय? इंग्लंडमध्ये रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली यांनी खुब्याचा सांधा बदलताना आधी टेफ्लॉनची वाटी वापरली. निसरडी, म्हणून छान वाटली. सुमारे ३०० जणांना बसवून झाली आणि मग दोन-तीन वर्षांत ती झिजली. तिच्या भुकटीने आजूबाजूचं हाड पोखरलं. त्या माणसांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. चार्नलींनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले, काय होतं ते पाहायला. १९६२च्या नोव्हेंबरात पॉलिथिलीनची वाटी आली, ती टिकली. पण आता ते इतके सावध झाले होते की शिकून गेल्याशिवाय इतर सर्जनांना आपला सांधा मिळू देईनात. रुग्णांना तर ते सांगून ठेवत, तुम्ही गेल्यावर हा सांधा आम्हाला परत द्या. किती झिजला ते पाहायचंय. लोक कबूलही होत. मरणानंतरच्या तपासणीला हसत मान डोलावणारी ती म्हातारी माणसं मला फार आवडतात, का ते सांगता येत नाही.

थांबणारा शहाणा, असं मी आजवर धरून चालले होते. पण टेफ्लॉनची घाई झाली नसती तर ही सावधगिरी तरी कुठून आली असती? आणि त्या ३०० जणांना मधली दोन वर्षं बिनदुखीची मिळाली, ती कोणत्या खात्यात मांडायची? पुन्हा चिरून घेण्याआधी त्यांना विचारलं असतं, तर काहीजण म्हणालेही असते की तेवढी दोन वर्षं पुरेत. काहीजणांनी शिव्याच दिल्या असत्या. मी कोणत्या बाजूला असते, तेही गुडघा कुठला आणि वय काय यावर ठरेल बहुधा.